घरातले खण, अहेरातले खण

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या सालांत उरकल्या असाव्यात असा माझा दाट संशय आहे. दोन्ही एकाच साली अंगावर आल्या असत्या, तर त्या बिचाऱ्याला म्हण रचण्याइतकी उसंतच मिळाली नसती. शिवाय त्या 'पाहावे' मध्येही खोच आहे. घर बांधावे, लग्न करावे, असे म्हणकार सांगत नाही. करून पाहा म्हणतो, म्हणजे विस्तवाला हात लावून पाहा म्हणावे तसे! अनसिंगच्या आमच्या घराने २०२४ च्या दिवाळीपासून २०२५ च्या दिवाळीपर्यंत या दोन्ही गोष्टी पाहिल्या, आणि वर मायचे सहस्रचंद्रदर्शन पाहिले. ताईच्या नातवाचे बारसे त्यात धरले, तर बारा महिन्यांत चार कार्ये झाली.

अनसिंग हे वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मोठे गाव. गावात शृंगऋषीचे देऊळ आहे, आणि गावाचे नावही त्या ऋषीवरूनच पडले असे गावकरी सांगतात. १९९८ च्या १ जुलैपासून आम्ही वाशिम जिल्ह्याचे झालो. त्याआधी अकोल्याचे होतो. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. अशा राजधानीच्या पंचक्रोशीत राहण्याचा आम्हाला अभिमान आहे; मात्र आमची घरे पिढ्यान्‌पिढ्या मातीची आणि धाब्याचीच राहिली.

धाब्याचे घर ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दीड-दोन हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर काटक्या आणि पाला, आणि त्यावर ठोकून बसवलेला मातीचा सपाट थर. दर साली मृगाआधी या धाब्यावर खारी माती टाकायची, चोपायची आणि पाण्याला पन्हाळीकडे उतार द्यायचा. जो आळस करील त्याच्या घरात आषाढात भांडी मांडावी लागतात. उन्हाळ्यात मात्र बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची काहिली असताना माजघरात चटईवर सुखाने पडावे. 'नियम धाब्यावर बसवणे' हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना शहरी मुलांच्या डोळ्यांपुढे हमरस्त्यावरचा, तंदुरी रोटीचा धाबा येतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमचे छप्पर येते.

अशा घराचे माप फुटांत नसते, खणांत असते. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमचे घर नऊ खणांचे. पुढची सपरी आणि बैठक मिळून पाच. मागचे माजघर, देवघर आणि चूल मिळून चार. माजघराच्या भिंतीत एक बळद आहे. बळद म्हणजे भिंतीच्या पोटातच ठेवलेली धान्याची पोकळ कोठी. वरून ज्वारी ओतायची आणि खालच्या तोंडातून लागेल तशी काढायची. ज्वारी गेली आणि सोयाबीन आले, तसे ते रिकामे पडले. सोयाबीन कोणी बळदात भरत नाही. ते शेतातून थेट बाजारात जाते आणि येताना काय घेऊन येते ते दादाला विचारावे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेती तो पाहतो. मी वाशिमला महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि शनिवारी-रविवारी गावी येऊन सल्ले देतो, असे वहिनींचे म्हणणे. २०२४ च्या पाडव्याला दादाने जाहीर केले, "घर पाडाचं. सारं. खालून वरपर्यंत सिमेंटचं करू." कारण उघड होते. त्याच्या लेकीचे लग्न ठरत आले होते आणि पाहुण्यांना धाब्याखाली बसवायची त्याला लाज वाटत होती.

माय खाटेवरून शांतपणे म्हणाली, "पाडा ना, पाडा. पण उन्हाळ्यात मले कुठी निजवसान, ते पह्यले सांगा."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडत राहतो. पंख्याने तीच फिरत राहते. तीन दिवस घरात अबोला होता. अखेर तोड मायनेच काढली. पुढचे पाच खण पाडायचे आणि मागचे चार जसेच्या तसे ठेवायचे. बळदाला हात लावायचा नाही. धाब्यावर वर्षानुवर्षे माती टाकायला आता माणसे मिळत नाहीत, म्हणून त्यावर थोडी उंच मोकळी जागा सोडून टिनाचे छत घालायचे. म्हणजे ऊन टिनांनी घ्यावे, मधल्या हवेने ते अडवावे आणि मातीने खाली गारवा राखावा. मिस्त्री आधी नाक मुरडत होता. पण छत झाल्यावर तोच माजघरात येऊन दुपारची झोप काढू लागला.

तुळशीचे लग्न लागले आणि आमच्या पुतणीचे साक्षगंध झाले. पुण्याकडे जो साखरपुडा, त्याला आमच्या वऱ्हाडात साक्षगंध म्हणतात, आणि मला हा शब्द अधिक नेमका वाटतो. साखर विरघळून जाते, साक्ष राहते. मुलाकडची माणसे सुशिक्षित होती. "हुंडा आम्हाला मुळीच नको," त्यांनी स्वच्छ सांगितले, "लग्न तेवढं तुमच्या घराला शोभेलसं करा." व्याकरणाच्या मास्तराला अशा वाक्यांचे फार कौतुक वाटते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. त्या कायद्याने नाम बंद केले, तर लोकांनी क्रियाविशेषण शोधून काढले. 'शोभेलसं' या एका शब्दात मंगल कार्यालय आले, बाराशे पाने आली, सोने आले, आणि नवरदेवाच्या मित्रांची वेगळी व्यवस्थाही आली.

दादाने कागदावर हिशेब मांडला. खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि व्यापारी देत होता त्याहून सातआठशे कमी. हमीभावाच्या खरेदीकेंद्रावर दाण्यातल्या ओलाव्याची मर्यादा आडवी येई. ती बारा टक्क्यांवरून पंधरावर नेली, तोवर गरजवंतांनी माल विकून टाकलेला होता. आणि लेकीच्या लग्नाच्या बापाइतका गरजवंत दुसरा कोण? सोन्याचे तर बोलायलाच नको. माय १९६२ साली या घरात आली तेव्हा सोने तोळ्याला सुमारे सव्वाशे रुपये होते. २०२५ च्या एप्रिलात दहा ग्रॅमला लाखाचा आकडा झाला. हिशेबाच्या शेवटी दादाने एक आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिले, 'दोन एकर'. विहिरीजवळचे, काळ्या मातीचे, बापाने राखलेले दोन एकर.

इथे मला एका जुन्या अहवालाची आठवण होते. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. सुरुवात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला. तेव्हाच्या साहेबलोकांत असा समज रूढ होता की, कुणबी कर्जबाजारी होतो तो लग्नांत पैसा उधळतो म्हणून. आयोगाने नोंदी तपासल्या आणि सांगितले की, लग्नखर्चाला फाजील महत्त्व दिले गेले आहे. बैल, बियाणे, पोटाचे धान्य आणि सरकारसारा यांसाठी काढलेल्या लहान लहान रकमाच व्याजाने फुगत जातात. मला हा निष्कर्ष पटतो. शेतकऱ्याने वर्षभर कंबर कसावी आणि एका दिवशी चार माणसांना पोटभर घालावे, तर त्याला उधळ्या म्हणणारा माणूस स्वतः कधी पंगतीत बसला नसावा. पण जमीन विकणे निराळे. कर्ज फिटू शकते. गेलेली काळी परत येत नाही.

गाडगेबाबांनी हे आमच्या मुलखाला सांगून ठेवले आहे. शेणगावात १८७६ साली जन्मलेल्या या माणसाने आपल्या पहिल्या लेकराच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न घालता गोडाचे जेवण घातले आणि भाऊबंदांचा रोष पत्करला, ही कथा वऱ्हाडात घरोघर ठाऊक आहे. सण साजरा करायला कर्ज काढू नका, हे ते कीर्तनात पुन्हा पुन्हा बजावत. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी हजारोंना पाठ टेकता येईल अशा धर्मशाळा त्यांनी उभ्या केल्या, आणि स्वतःसाठी घर बांधले नाही. १९५६ च्या २० डिसेंबरला वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, प्रवासातच त्यांचा अंत झाला. आमच्या बैठकीत त्यांची तसबीर आहे. दादाने 'दोन एकर' लिहिले ते त्या तसबिरीखालीच बसून.

कागद पुतणीने वाचला. ती कृषी पदवीधर. मातीचे मोल तिला पुस्तकातूनही ठाऊक आहे. बापाला म्हणाली, "बाबा, त्या दोन एकरांत माहाबी वाटा हाये. मले न विचारता कसे विकता?"

दादा चपापला. पण पोरीचे म्हणणे कायद्याला धरून होते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला. सबंध देशाला तो २००५ मध्ये मिळाला. आपल्याकडे हा हक्क मुली सहसा 'हक्कसोड' करतानाच पहिल्यांदा ऐकतात. ही मुलगी तो जमीन राखण्यासाठी सांगत होती. पुढे म्हणाली, "इकाचेच असतील तर माह्या नावानं करा. मी नोंदणी लग्न करतो अन् कापूस लावतो." (आमच्याकडे बायाही 'करतो' म्हणतात, मुद्रितशोधकांनी कृपया दुरुस्त करू नये.)

तिने मुलालाही तसेच कळवले. मग पंधरा दिवस तिकडून काही निरोप नाही. ते पंधरा दिवस कसे गेले ते सांगण्यासारखे नाहीत. वहिनींनी बोलणे टाकले. घराचा पुढचा भाग पाडून झालेला. सपरीच्या जागी मातीचा ढीग. गावातले लोक जाता-येता थांबून 'कवा हाय लग्न?' म्हणून विचारत. मायने मात्र एकदाही विषय काढला नाही. ती ढिगातले सागाचे चांगले लाकूड निवडून बाजूला ठेववीत होती. सोळाव्या दिवशी मुलाची आई एकटीच बसने आली. जेवली, माजघरात मायजवळ तासभर बसली. दोघींत काय बोलणे झाले ते आजतागायत बाहेर आलेले नाही. निघताना तिने दादाला एवढेच सांगितले, "लग्न तुमच्या अंगणात. स्वागतसमारंभ आमच्याकडे, आमच्या खर्चानं." जमीन वाचली.

बांधकामाचे सगळे पुराण इथे लावत नाही. पौषात काम धरले नाही. माघात जोते भरले. रेती पैनगंगेची, आणि रेतीवाल्याचा शब्द हा नदीच्या पाण्यासारखाच, कधी येईल ते सांगता येत नाही. गुढीपाडवा ३० मार्चला होता, त्याच्या आदल्या आठवड्यात स्लॅब पडला. स्लॅब टाकणे सोपे, तराई करणे कठीण. साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला दहा दिवस सतत ओल हवी. ती मिळाली नाही तर वरून दगडासारखे दिसणारे काँक्रीट आतून कच्चे राहते. चैत्रात वऱ्हाडात पाणी कुठले? आम्ही स्लॅबवर मातीचे बांध घालून वाफे केले आणि विहिरीचे पाणी रात्री चढवले. ते पाणी त्याच दोन एकरांतल्या विहिरीचे होते, हे दादाने कोणी न विचारता तीनदा सांगितले.

अक्षय्यतृतीयेला, ३० एप्रिलला, वास्तुशांत झाली आणि आठवड्याने त्याच मांडवात लग्न लागले. गिलावा ओला होता, दारांना रंग नव्हता. पंगतीला वरण-भात, पोळ्या, वांग्याची भाजी आणि बुंदी. खुर्च्या-टेबले म्हाताऱ्यांपुरती, बाकी सारे पट्ट्यांवर मांडी घालून बसले. साडेसातशे माणूस जेवले.

आता अहेराची गोष्ट. पत्रिकेवर मी आग्रहाने छापायला लावले होते, 'कृपया अहेर आणू नये.' मला या देवघेवीचा मनस्वी कंटाळा आहे. 'खण' हा शब्द मराठीत घराचाही असतो आणि चोळीचाही. घराचा खण शंभर वर्षे एका जागी उभा राहतो. अहेराच्या खणाला मात्र एका घरात कधी दोन महिने विसावा मिळत नाही. तो या लग्नातून त्या बारशाला, बारशातून वास्तुशांतीला असा फिरत राहतो, आणि एखादे दिवशी मूळ घरी परत येतो, तेव्हा घरधनीण त्याला डागावरून ओळखते. हे सारे बंद झाले तर बरे, असे माझे मत होते आणि बहुतांशी अजूनही आहे.

लग्नाच्या दुपारी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. शेजारच्या खेड्यातले, अंगात धुतलेला सदरा. त्यांनी खिशातून शंभराची नोट आणि एक नाणे काढले आणि म्हणाले, "वही कुठी हाय?" मी नम्रपणे पत्रिकेतली ओळ दाखवली. ते रागावले. "तुमची वही काढा. तुमच्या बापानं माह्या बहिनीच्या लग्नात काय देल्लं, ते पाहा."

आमच्याकडे अहेराची जुनी वही आहे. लाल कापडात बांधलेली. मायच्या लग्नापासूनची पाने तीत आहेत. कोणी सव्वा रुपया, कोणी पायलीभर ज्वारी, कोणी तांब्या, एका घराने नुसते 'दोन दिवस राबले' असे. वहीच्या शेवटच्या भागात आमच्या वडिलांनी आपण कोणाला काय दिले ते टिपले होते. तिथे १९७२ च्या दुष्काळातली नोंद सापडली. त्या वर्षी या म्हाताऱ्यांच्या बहिणीच्या लग्नाला आमच्या वडिलांनी पाच पायल्या ज्वारी पोचवली होती. बळदातली! महाराष्ट्रात विहिरी आटल्या होत्या, लोक खडी फोडत होते, त्या सालच्या पाच पायल्या. म्हातारे म्हणाले, "त्या ज्वारीवर वऱ्हाड जेवलं. आन् तू मले म्हन्तं, अहेर आनू नोको?"

दादाने वही उघडली आणि मला पेन मागितला. एकशे एक रुपये, नावानिशी. ते पाहून आणखी सात-आठ जण उठले. माझी छापील ओळ तिथेच धाब्यावर बसली.

पुढचे महिने भराभर गेले. पाऊस यंदा घाईत होता. २६ मेलाच मुंबईला पोचला, आणि आमच्याकडेही मेच्या उत्तरार्धात ढग गडगडू लागले, तेव्हा टिनाचे छत वेळेवर घातले याचे श्रेय घेण्यास घरातले सगळेच पुढे आले. आषाढात ताईच्या नातवाचे बारसे झाले, नव्या बैठकीतले पहिले.

मायचे सहस्रचंद्रदर्शन नारळी पौर्णिमेला, ९ ऑगस्टला करायचे ठरले, कारण राखीला लेकी घरी येतात. हजार पौर्णिमा भरायला गणिताने ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने लागतात. पण मायचा जन्म कधीचा? कागदोपत्री '१ जुलै' आहे. शाळेतल्या मास्तरांनी अर्ध्या गावाला हीच तारीख वाटली होती. माय सांगते ती खूण वेगळी. पैनगंगेपलीकडचा मुलूख तेव्हा निजामाचा. रझाकारांच्या धामधुमीत तिकडची माणसे गाठोडी घेऊन इकडे वऱ्हाडात येत. तिच्या माहेरच्या ओसरीत अशी दोन कुटुंबे राहिली होती, आणि त्यांतल्या एका पोरीबरोबर ती सागरगोटे खेळल्याचे तिला आठवते. निजामावरची पोलीस कारवाई १९४८ च्या सप्टेंबरातली. तेव्हा ती चार वर्षांची तरी असणारच. तेवढ्या पुराव्यावर आम्ही एक्याऐंशी दिव्यांनी तिला ओवाळले. चंद्र काही दिसला नाही; श्रावणातले आभाळ गच्च होते. "हजार पाह्यले ना," माय म्हणाली, "एक नाही दिसला तं काय होते?"

घर अजून पुरे झालेले नव्हते. वर जाणारा जिना अर्ध्यावर थांबला होता, कारण पैसे संपले होते. २२ सप्टेंबरला सिमेंटवरचा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला, तेव्हा दादा ती बातमी वाचून बराच वेळ स्लॅबकडे पाहत बसला. सहा महिने थांबलो असतो तर, असा हिशेब त्याने मनात केला असावा. बोलला मात्र नाही.

दिवाळीला पुतणी आणि जावई आले. मायने जावयाला माजघरात बळदाला टेकून बसवले आणि सांगून टाकले की, २०२६ चा ज्येष्ठ अधिक आहे, धोंड्याच्या महिन्यात त्यांना पुन्हा यायचे आहे, तेहतीस अनारशांचे वाण घ्यायला. चांद्रवर्ष सौरवर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी हा जादा महिना येतो, असे मी जावयांना समजावून सांगू लागलो होतो. मायने मध्येच दादाला हाक मारली.

"जेठापर्यंत जिना झाला पायजे," ती म्हणाली, "आन् बळदाचं तोंड मोकळं करा. यंदा दोन एकर ज्वारी पेराची."